तलंगांच्या पायाखाली कोरडी गादी हवी
धानाच्या तुसाची पोती मृगाआधीच भरून ठेवा



मृग लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. पऱ्हे टाकायचे, बांधीचे धुरे नीट करायचे, खताची जुळवाजुळव करायची, पुढे रोवणीसाठी मजूर शोधायचे. या धावपळीत अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहायला वेळ कोणाला असतो? घरची बाईच तेवढी पाहते, तेही रोवणीवर जायच्या आधी आणि परत आल्यावर. आणि नेमक्या याच दिवसांत, अंड्यावर यायला दोन-तीन महिने उरलेले असताना, तलंगा मान टाकू लागतात.

कारण विचारले की कोणी म्हणते हवा बदलली, कोणी म्हणते साथ आली, कोणी खाद्याला दोष देते. मात्र खुराड्यात वाकून जमिनीला हात लावून पाहणारा विरळाच. आजचा हा लेख त्या जमिनीबद्दल, म्हणजे तलंगांच्या पायाखालच्या गादीबद्दल आहे. ही गादी आपल्याच शेतातल्या काडीकचऱ्यातून कशी करावी, कोणता कचरा घ्यावा, कोणता घेऊ नये आणि तो केव्हा साठवावा, हे आज पाहू.

माझ्या हातून झालेली चूक

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचे सांगण्याचा अधिकार राहील. काही वर्षांपूर्वी लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. गटातल्या एका ताईला २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळाला होता. पाखरे साधारण दहा आठवड्यांची. तिने विचारले, ‘साहेब, खाली काय टाकू?’ मला पुढच्या गावी जायची घाई होती. मी म्हणालो, ‘घरची तणीस आहे ना? तीच पसरा.’ एवढे बोलून मी मोटारसायकलला किक मारली.

तिने माझा शब्द पाळला. पण आदल्या दिवाळीत अवकाळी पावसाने तिच्या धानाच्या कडपा भिजल्या होत्या. त्यातली चांगली तणीस जनावरांना गेली आणि जी काळी पडली, जनावराने तोंड लावले नाही, ती खुराड्यात आली. तीही न कापता, लांबच्या लांब. पाण्याचे भांडे मधोमध. वर आषाढाची झड. चार दिवसांत तणसीचा वरचा थर चटईसारखा दबून बसला आणि खाली चिखल झाला. पंधरा दिवसांच्या आत तलंगांच्या विष्ठेत रक्त दिसू लागले. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेले पाखरू उघडून पाहिले आणि रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, असे निदान केले. औषध सुरू होईपर्यंत २८ पैकी १३ पाखरे उरली.

मी गेलो तेव्हा ती ताई रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘तुमी सांगतलं तसंच केलं जी, साहेब. तनीस टाकली.’ तिचे खरेच होते. कोणती तणीस, किती लांब, किती कोरडी, हे मी सांगितलेच नव्हते. अर्धवट सल्ला हा चुकीच्या सल्ल्याइतकाच महाग पडतो, हे मी त्या दिवशी शिकलो. म्हणून आज सगळे सविस्तर लिहितो.

गादीचे काम काय?

पुष्कळांना वाटते की गादी म्हणजे कोंबडीला मऊ बसायला काहीतरी. तसे नाही. गादीचे पहिले काम ओल शोषून घेणे आणि ती हवेत उडू देणे हे होय.

साधा हिशेब करा. कोंबडी जेवढे खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. वाढत्या वयाचे पाखरू रोज ७० ते ८० ग्रॅम खाद्य खात असेल तर दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पिणार. २८ पाखरांचे झाले चार लिटरच्या वर. उन्हाळ्यात याहून जास्त. यातले बरेचसे पाणी विष्ठेवाटे बाहेर पडते. ताज्या विष्ठेत चार भागांपैकी तीन भाग पाणीच असते. दिवसा पाखरे परसात फिरत असली तरी रात्रभर ती खुराड्यातच असतात, आणि झडीच्या दिवसांत तर दिवसाही आतच. आता ही रोजची ओल मातीच्या किंवा फरशीच्या जमिनीवर पडली तर जाणार कुठे?

ओल साचली की तीन संकटे येतात. पहिले, विष्ठा कुजून अमोनिया वायू सुटतो. त्याने पाखरांचे डोळे चुरचुरतात, श्वासनळी नाजूक होते आणि सर्दी-खोकल्याचे रोग घर करतात. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांहून जास्त अमोनिया पाखरांना बाधतो. दुसरे, रक्ती हगवणीचे जंतू. आजारी पाखराच्या विष्ठेतून ते अंड्याच्या रूपात बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या रोग लावू शकत नाहीत. त्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत ते तयार होतात, मग दुसरी कोंबडी ते टिपते. पावसाळ्यात ऊब आणि हवा तर आहेच. आपल्या हातात फक्त ओल आहे. ती काढली की साखळी तुटली. तिसरे संकट बुरशीचे. बुरशी लागलेल्या गादीची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसात गाठी होतात. पाखरू चोच उघडून धापा टाकते. यावर हमखास औषध नाही.

आठ ते वीस आठवड्यांचे वय या दृष्टीने नाजूक आहे. रक्ती हगवणीचा एक प्रकार तर लहान पिलांऐवजी या मोठ्या तलंगांनाच जास्त धरतो. ‘पिले मोठी झाली, आता काळजी नाही’ असे समजू नका. तिच्यावर खाद्याचा बराच खर्च झालेला असतो आणि अंड्याचा एक पैसाही अजून हाती आलेला नसतो. या वयात मेलेली तलंग सर्वांत जास्त नुकसान करून जाते.

गादी ही जिवंत वस्तू आहे

गादी पद्धत ही आपल्याकडे नवी नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, वूस्टर येथील शेती संशोधन केंद्रावर केनार्ड आणि चेंबरलिन या दोघांनी यावर बरेच प्रयोग केले. तोवर गादी घाण झाली की काढून टाकण्याचा रिवाज होता. त्यांनी ती न काढता खाली-वर करून वर कोरडी भर घालत नेली. कोरड्या राखलेल्या अशा मुरलेल्या गादीवरची पाखरे निकृष्ट खाद्यावरसुद्धा तग धरतात, असे दिसून आले. १९४८ साली बी-१२ हे जीवनसत्त्व सापडले आणि गादीतले उपकारक जिवाणू ते तयार करतात, हे पुढे स्पष्ट झाले. कोंबडी गादी उकरते, त्यातले थोडेफार टिपते, तिला त्याचा लाभ होतो.

पण हे सारे गादी कोरडी असेल तरच. ओल्या गादीत उपकारक जिवाणू मागे पडतात आणि रोगजंतूंचे फावते.

कोणता काडीकचरा चांगला?

आपला जिल्हा धानाचा. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, कुठेही जा, धान आहे आणि राईस मिल आहे. एक क्विंटल धान भरडले की साधारण २० किलो तूस निघते. गादीसाठी धानाचे तूस हाच आपल्याकडचा पहिल्या क्रमांकाचा माल होय. तुसात वाळूसारखा कडक भाग, म्हणजे सिलिका, भरपूर असतो. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, दबून बसत नाही आणि कोंबडीने उकरले की मोकळे होऊन वाळते. लाकडाच्या कीसापेक्षा ते पाणी थोडे कमी शोषते हे खरे, पण शोषलेली ओल लवकर सोडते. शिवाय जनावरे ते खात नाहीत, म्हणून गादीसाठी घेतले तरी कोणाच्या तोंडचा घास जात नाही.

मात्र येथे एक गफलत होते. मिलवरून निघणाऱ्या सगळ्यालाच आपण बोलताना ‘कोंडा’ म्हणतो. धानाचे वरचे टरफल म्हणजे तूस. तांदूळ पांढरा करताना निघणारी पिठासारखी भुकटी म्हणजे खरा कोंडा. त्यात तेल असते. तो खाण्याचा माल आहे, गादीचा नव्हे. गादीत तो गेला तर गरम होतो, कीड लागते, बुरशी धरते. गावातल्या जुन्या हलरवर तूस आणि कोंडा एकत्रच भुकटी होऊन पडतात. तो मिश्र माल गादीला घेऊ नका. तूस वेगळे काढणाऱ्या शेलर मिलवरचेच तूस घ्या. मुठीत घेऊन फुंकर मारा. अख्खी टरफले उडाली आणि हाताला पीठ लागले नाही, तर माल चांगला.

तणीस चालते, पण तीन अटींवर. ती पिवळी व कोरडी असावी, तिला कुबट वास नसावा आणि कटरवर किंवा कोयत्याने एक इंचापर्यंत बारीक कापलेली असावी. लांब तणसीवर मेणासारखा थर असतो, म्हणून ती वरून पाणी शोषत नाही. ती एकमेकींत गुंतून चटई होते, आणि चटईखाली चिखल. नुसती तणीस वापरण्यापेक्षा दोन भाग तूस आणि एक भाग कापलेली तणीस असे मिश्रण उत्तम.

गव्हांडा आणि कुटार, म्हणजे गहू, हरभरा, तूर, सोयाबीन यांचा मळणीचा भुसा, हेही चालते. पण कुटार हा जनावरांचा चारा आहे. घरी बैल किंवा म्हैस असेल तर चांगले कुटार त्यांनाच द्या. गव्हाणीत उरलेल्या तुरीच्या काड्याकुड्या कोरड्या असतील तर बारीक करून गादीत मिसळा. सोयाबीनचे कुटार धुळकट असते, ते चाळून घ्यावे.

भुईमुगाची टरफले चांगली गादी करतात, पण बुरशी लागलेली शेंग ओळखून काढावी लागते. उसाचे पाचट बारीक कापून वापरता येते. दाणे काढलेली मक्याची कणसे कुटून बारीक केली तर तीही ओल शोषतात.

आता काय वापरू नये ते पाहा. एकदा पावसात भिजलेला आणि नंतर वाळवलेला कोणताही कचरा नको. वरून वाळला तरी आतली बुरशी जिवंत राहते. जनावराने हुंगून सोडलेली तणीस कोंबडीखाली टाकू नका. ती खतखड्ड्यात टाका. आरा मशीनचा पिठासारखा बारीक भुसा नको, पाखरे तो खातात आणि पोटात बसतो. औषध लावलेल्या बियाण्याचा किंवा फवारणी होऊन फार दिवस न झालेल्या पिकाचा कचराही नको.

किती लागेल?

२५ तलंगा आणि ३ नर, म्हणजे २८ पाखरे. अंड्यावर येईपर्यंत आणि नंतरही तीच जागा वापरायची असेल तर प्रत्येकी दोन चौरस फूट धरा. झाली ५६ चौरस फूट, म्हणजे सात फूट बाय आठ फुटांची खोली. त्यावर तीन इंच जाडीची गादी करायला सुमारे ४० किलो तूस पुरते. तूस हलके असते, एका चुंगडीत आठ-दहा किलोच मावते. म्हणून चार-पाच चुंगड्या पहिल्या थराला आणि दोन चुंगड्या मधून मधून भर घालायला, अशा सहा-सात चुंगड्या लागतील. तीन-साडेतीन क्विंटल धान भरडले की एवढे तूस सहज निघते. घरी खायला जेवढे धान आपण वर्षभरात भरडतो, त्यातच हे काम भागते.

केव्हा साठवावे?

सगळी मेख येथेच आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गादीची खरी गरज याच दिवसांत, आणि कोरडा माल याच दिवसांत मिळत नाही. जुलैमध्ये मिलच्या मागच्या ढिगातून आणलेले तूस ओलेच असणार. ओल्या तुसाची गादी करणे म्हणजे घाव भरायला मीठ आणण्यासारखे होय.

म्हणून दिवाळीनंतर धान निघाले, भरडाई सुरू झाली की, डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत केव्हाही, आपल्या धानाचे तूस आपणच परत घेऊन या. पूर्वी मिलवाला ‘घेऊन जा’ म्हणून मागे लागायचा. आता तसे राहिले नाही. उसना तांदूळ करणाऱ्या मिलच्या भट्टीला तूस लागते, वीटभट्टीवाले नेतात, कारखान्यांच्या बॉयलरला जाते. त्याला भाव आला आहे. पण आपल्या स्वतःच्या धानाच्या भरडाईचा व्यवहार ठरवतानाच ‘चार चुंगड्या तूस मी नेणार’ असे सांगून ठेवले तर बहुतेक मिलवाले नाही म्हणत नाहीत.

आणलेले तूस वैशाखाच्या उन्हात एक दिवस पसरून वाळवा. थंड झाल्यावर चुंगड्यांत भरा. माळ्यावर किंवा जमिनीपासून फूटभर उंच बांबूच्या मचाणावर ठेवा. कवेलूचे छप्पर असेल तर गळती आहे का ते आधी पाहा आणि वरून प्लॅस्टिक टाका. तुसात धानाचे दाणे राहिले असतील तर उफणून काढा. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो, हे सांगायला नको.

गादी कशी घालावी आणि कशी राखावी?

१. जमीन आजूबाजूच्या अंगणापेक्षा निदान फूटभर उंच हवी. मुरूम टाकून, चोपून, वर शेण-मातीने सारवलेली चालते. पूर्ण वाळल्यावर चुन्याची निवळी मारा आणि तीही वाळू द्या.

२. त्यावर तीन इंच कोरडे तूस पसरा. पुढे आठवड्या-पंधरवड्याने थोडी थोडी भर घालत अंड्यावर येईपर्यंत चार ते सहा इंचांपर्यंत न्या. अगदी लहान पिले आणली असतील तर पहिले चार-पाच दिवस तुसावर वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर ती खाद्य सोडून तूसच टिपत बसतात.

३. पाण्याचे भांडे मधोमध नको. एका कोपऱ्यात, विटांवर, पाखराच्या पाठीच्या उंचीला ठेवा. खाली पसरट घमेले ठेवा म्हणजे सांडलेले त्यात पडेल. अर्धी गादी पाण्याच्या भांड्यामुळेच भिजते.

४. रोज सकाळी पाखरे बाहेर सोडली की दाताळ्याने गादी खाली-वर करा. पाच मिनिटांचे काम आहे. तोंडाला दुपट्टा बांधा, धूळ आपल्यालाही चांगली नाही. जिथे ढेप बांधली असेल, ओल लागत असेल, तेवढा भाग फावड्याने काढून बाहेर टाका आणि तिथे साठवणीतले कोरडे तूस घाला.

५. आठवड्यातून एकदा मुठीची परीक्षा करा. गादीतला माल मुठीत घट्ट आवळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. थोडा धरून लगेच सुटला तर उत्तम. धुळीसारखा उडाला तर फार कोरडी आहे. उन्हाळ्यात अशा वेळी पाण्याचा हलका शिंतोडा मारायला हरकत नाही.

६. नाकाची परीक्षा उभ्याने करू नका. पाखराच्या उंचीला, उकिडवे बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तुम्ही दोन मिनिटांनी उठून जाल, ते पाखरू तिथे रात्रभर बसणार आहे.

७. झडीच्या दिवसांत विझवलेला चुना थोडा भुरभुरून गादीत मिसळतात. त्याने ओल कमी होते, पण मिसळताना सुरुवातीला अमोनियाचा वास उलट वाढतो. म्हणून हे काम पाखरे बाहेर असताना करा आणि दोन-तीन तास दारे उघडी ठेवा.

८. पावसाचा झोत ज्या बाजूने येतो तिथे तट्टा किंवा पोत्याचा पडदा लावा, पण वरची फूटभर जागा मोकळी ठेवा. चारी बाजू गच्च बंद केल्या तर ओल जाणार कुठून?

आजाराची चाहूल लागली तर

पाखरू पंख पाडून, पिसे फुलवून एका जागी बसले, खाद्य कमी झाले, विष्ठा तपकिरी किंवा रक्ताची दिसली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा गावातल्या पशुसखीला बोलवा. रक्ती हगवणीवर पाण्यातून देण्याचे औषध आहे आणि वेळेवर दिले तर पाखरे वाचतात. मात्र मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्या. औषध चालू असताना ओली गादी बदलली नाही तर आजार पुन्हा उलटतो. औषध आणि गादी ही दोन्ही कामे एकाच दिवशी करायची आहेत.

अंड्यावर येताना

जातीप्रमाणे २० ते २६ आठवड्यांत तलंगा अंड्यावर येतात. त्याआधी दोन आठवडे, पाच तलंगांना एक या हिशेबाने, फूट-दीड फुटाच्या टोपल्या किंवा खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. त्यात स्वच्छ तूस किंवा बारीक कापलेली पिवळी तणीस घाला. तलंगेला पहिल्या अंड्याची जी जागा आवडते, तीच तिची सवय होते. गादीवर घातलेले अंडे मळते, फुटते, आणि एकदा अंडे खायची चटक लागली की ती सुटत नाही. गावठी अंड्याला बाजारात चार पैसे जास्त मिळतात, पण ते स्वच्छ असेल तरच.

जुनी गादी म्हणजे सोन्यासारखे खत

एक गट संपला की त्याची गादी पूर्ण काढावी. एकाच गटाखाली तीच गादी वाढवत नेणे ठीक, पण जुन्या पाखरांची गादी नव्या पिलांखाली कधीही ठेवू नये. आजार येऊन गेला असेल तर मुळीच नाही.

चांगल्या मुरलेल्या गादीच्या खतात साधारण ३ टक्के नत्र, २ टक्के स्फुरद आणि २ टक्के पालाश धरतात. शेणखताहून ते कितीतरी सकस आहे. पण तूस कुजायला वेळ घेते आणि ताजी गादी उष्ण असते. म्हणून ती छपराखाली ढीग करून, पाणी शिंपडून, निदान दोन महिने कुजवा आणि मग रोवणीआधी बांधीत किंवा परसबागेत घाला. मेलेली पाखरे त्या ढिगात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. असे खत जनावरांच्या चाऱ्यात गेले तर जनावरालाही विषबाधा होऊ शकते.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि बचत गटांच्या अध्यक्षांना एक विनंती. ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा व ३ नर देण्याची योजना आपल्याला परिचित आहे. लाभार्थी निवडताना आपण कागद पाहतो, जातीचा दाखला पाहतो, सातबारा पाहतो. पाखरे गावात येण्याआधी एकदा त्या घरी जाऊन चार गोष्टीही पाहा: जमीन उंच आहे का, छप्पर गळते का, तीन इंच कोरडी गादी घातली आहे का, आणि भर घालायला दोन चुंगड्या तूस माळ्यावर आहे का. चारही असतील तरच पाखरे उतरवा. ऐन झडीत पाखरे यायची असतील तर आठवडाभर आधी लाभार्थ्यांना कळवा.

ज्या गावात आठ-दहा घरी कोंबड्या आहेत, तिथे गटाने मिळून मे महिन्यात एक ट्रॉली तूस आणून कोरड्या जागी ठेवले तर ते प्रत्येकीला स्वस्त पडेल. आणि हार्वेस्टरने कापलेल्या बांधीतली तणीस आपण काडी लावून पेटवतो, त्यातली थोडी पिवळी असतानाच गोळा करून कापून ठेवली तर तीही उपयोगी येईल. जाळून तर काहीच हाती लागत नाही.

आणि ती ताई?

उरलेल्या १३ पाखरांवर तिने तो पावसाळा काढला. मी दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला घेऊन मिलवर गेलो, पण ढीग भिजलेला होता. शेवटी एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर कोरडे तूस सापडले आणि त्यावर भागवले. पुढच्या वर्षी वैशाखात मी तिच्या गावी गेलो, तेव्हा तिने मला ओसरीत बसू दिले नाही. आधी घराच्या मागे नेले. आढ्याला टेकून सात चुंगड्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यावर प्लॅस्टिक, त्यावर दोरी. म्हणाली, ‘या वर्षी पाखरं मागून आणीन जी. आधी हे आणलं.’

त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिच्या पाखरांना रक्ती हगवण लागली नाही. याचे सगळे श्रेय तुसाला देता येणार नाही. तिने पाण्याचे भांडे हलवले होते, ती रोज सकाळी दाताळे फिरवत होती, पाखरू सुस्त दिसले की त्याच दिवशी दवाखान्यात फोन करत होती. पण या सगळ्याची सुरुवात मृगाआधी माळ्यावर ठेवलेल्या त्या सात चुंगड्यांपासून झाली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा भरडाईला धान घेऊन जाल तेव्हा सोबत रिकाम्या चुंगड्याही न्या. तांदूळ आपल्यासाठी आणा, कोंडा जनावरांसाठी आणा, आणि तूस तलंगांसाठी आणायला विसरू नका. काही अडले तर आपल्या तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र येथे जरूर विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि आमच्यासारखा कोणी गाडीवर बसल्या बसल्या सल्ला देऊन निघाला, तर त्याला थांबवा आणि म्हणा, ‘साहेब, आधी खाली उतरा आणि खुराड्यात हात घालून पाहा.’